अंक आणि पात्र : भूमिकाखेळांतील क्षमतांक-निर्धारणाच्या पद्धती

पात्र आधी की कथानक आधी, हा काव्यशास्त्रातील जुना वाद आहे. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेत कथानकाला अग्रस्थान दिले आणि स्वभावचित्रणाला त्याच्या मागे बसविले. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कादंबरीने व्यवहारात हा क्रम बराचसा उलटा केला. परंतु दोन्हीकडे वाचकासमोर येते ते घडून तयार झालेले पात्र. त्याच्या अंगी कोणता गुण किती प्रमाणात घालावा हे लेखकाने कसे ठरविले, ते संहितेबाहेर राहते; टीकाकाराला त्याविषयी अनुमानच करावे लागते. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे भूमिकाखेळात, ही झाकलेली प्रक्रिया नियमाच्या रूपाने छापलेली असते. पात्राने कथेत पाऊल टाकण्यापूर्वी त्याचे बळ किती, बुद्धी किती, हे अंकांत ठरवावे लागते, आणि ते कसे ठरवावे याची कृती नियमपुस्तकात दिलेली असते. कथनशास्त्राच्या अभ्यासकाला या पानांचे मोल त्यामुळेच आहे.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. चार-सहा माणसे एकत्र बसतात. त्यांतील एक जण कल्पित जगाचे वर्णन करतो, त्या जगातील अन्य सर्व व्यक्तींच्या वतीने बोलतो आणि नियमांचा निवाडा देतो. उरलेले प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. पात्राने काय करावे हे खेळाडू सांगतो. ते साधेल की नाही याविषयी शंका असेल तेथे फासे टाकले जातात आणि पात्राचे अंक त्या निकालावर परिणाम करतात. येथे प्रेक्षक वेगळा नसतो आणि आधी लिहिलेली संहिताही नसते. कथा बोलता बोलता घडते. कागदावर राहतात ते मुख्यतः हे अंक.

या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा येथून प्रसिद्ध केला. त्याची मुळे युद्धखेळांत होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियात लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी रूढ झालेल्या क्रीगश्पीलपासून या खेळांत फासे होते, पंच होता आणि पलटणीची ताकद अंकांत मांडण्याची पद्धत होती. पलटणीच्या जागी एकच माणूस आला, तेव्हा तो अंक त्या माणसाला चिकटला. १९७४ च्या नियमांत असे सहा अंक आहेत : बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि इतरांवर पडणारी छाप, जिला मूळ संहिता ‘करिश्मा’ म्हणते. प्रत्येकासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, आलेली बेरीज त्याच क्रमाने लिहून घ्यायची. विशेष म्हणजे हे फासे पंचाने टाकावेत असे त्या संहितेत म्हटले आहे. खेळाडूला हाती मिळते ते ठरून आलेले शरीर आणि मन. त्यातून लढवय्या व्हायचे, मांत्रिक व्हायचे की धर्मोपदेशक, एवढेच त्याने ठरवायचे.

मराठी वाचकाला येथे पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी लेख लिहिते ही समजूत आठवल्यावाचून राहणार नाही. साम्य खरे आहे, पण फरक अधिक बोलका आहे. सटवाईचा लेख कोणाला वाचता येत नाही. या खेळात तो खेळाडूच्या समोर कागदावर असतो आणि पुढचे सारे वर्तन तो वाचून केलेले असते. सारीपाटाशीही तुलना करून पाहावी. तेथे फासे सोंगटीला चालवितात, पण सोंगटीला स्वतःचा स्वभाव नसतो. रंग सोडला तर सगळ्या सोंगट्या सारख्याच. येथे फासे पट मांडण्याआधीच पडतात आणि चाल ठरविण्यापूर्वी ते सोंगटीची घडण ठरवून मोकळे होतात.

तीन फाशांचे २१६ संयोग होतात. त्यांपैकी १८ ही बेरीज एकाच संयोगाने येते, ३ ही बेरीजही एकाच. १० किंवा ११ मात्र ५४ संयोगांनी, म्हणजे चारांतून एकदा. सरासरी साडेदहा. याचा अर्थ असा, की ही पद्धत सामान्य माणसे निर्माण करते आणि क्वचित कोठेतरी एक असामान्य किंवा एक लुळा. त्यातून निघणारी कथा महाकाव्यापेक्षा पिकारेस्क कादंबरीला जवळची : नायक बेताचा, त्याच्या अंगचे दोष त्याला आणि इतरांना आधीच ठाऊक, आणि पुढे चालण्याचे बळ चातुर्यातून व योगायोगातून आलेले. १९७४ मध्ये हे खपून गेले याला एक तांत्रिक कारणही होते. त्या पहिल्या नियमांत या अंकांचा प्रत्यक्ष खेळावर फारच थोडा परिणाम होई. लढवय्याच्या बळाने त्याचा घाव जड होत नसे. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने बळाला घावाशी जोडले आणि अंकांचे वजन वाढले. नशिबाने दिलेल्या गोष्टीवर जगणे-मरणे अवलंबून राहू लागताच नशीब असह्य होऊ लागले. क्षमतांक-निर्धारणाच्या पद्धतींचा पुढचा इतिहास बव्हंशी या असह्यतेचा इतिहास आहे.

त्याचा पहिला मोठा पुरावा १९७८-७९ च्या ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये सापडतो. खेळाडूंसाठीच्या १९७८ च्या ग्रंथात गायगॅक्सने असा सल्ला दिला, की पात्र टिकून राहायचे तर किमान दोन क्षमता १५ किंवा त्याहून वरच्या असणे बहुधा आवश्यक ठरते. त्याच ग्रंथात पॅलाडिन या धर्मवीराच्या भूमिकेसाठी बळ १२, बुद्धी ९, शहाणपण १३, काटकपणा ९ आणि करिश्मा १७ या किमान अटी आहेत. तीन फासे क्रमाने टाकले तर या पाचही अटी एकाच पात्रात जुळण्याचा संभव हजारातून सुमारे एक. मराठीत ‘पात्र’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, कथेतील व्यक्ती आणि अधिकारी व्यक्ती. पॅलाडिनच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. संस्कृत शास्त्रकारांनीही नायकाच्या अंगी असावयाच्या गुणांची यादी दिली आहे, पण तेथे यादी कवीला उद्देशून आहे आणि कवी ती हवी तशी पुरी करू शकतो. येथे ती फाशांना उद्देशून आहे.

फासे ऐकत नाहीत, म्हणून त्यांना वश करण्याचे उपाय आले. १९७९ च्या पंचासाठीच्या ग्रंथात चार पद्धती दिल्या आहेत. पहिलीत चार फासे टाकून सर्वांत लहान वगळायचा आणि मिळालेल्या सहा बेरजा हव्या त्या क्षमतांना वाटायच्या. दुसरीत बारा बेरजा काढून उत्तम सहा ठेवायच्या. तिसरीत प्रत्येक क्षमतेसाठी सहा वेळा तीन फासे टाकून त्यातली मोठी बेरीज घ्यायची. चौथीत तीन फाशांनी बारा संपूर्ण पात्रे तयार करायची आणि त्यांतले एक निवडायचे. गणिताच्या दृष्टीने पहिली पद्धत सरासरी १०.५ वरून सुमारे १२.२ वर नेते आणि १८ येण्याचा संभव २१६ तून एकावरून १२९६ तून २१ वर, म्हणजे साडेतीन पटीने, वाढविते. साहित्याच्या दृष्टीने मात्र चौथी पद्धत अधिक मनोवेधक आहे. तीत अकरा माणसे जन्मतात आणि कथेत येण्याआधीच टाकून दिली जातात. लेखकाच्या टेबलावरचे खर्डे एरवी कोणाला दिसत नाहीत; येथे खर्डे करणे हाच नियम आहे.

१९८५ च्या ‘अनअर्थ्ड आर्केना’ या ग्रंथाने हे सर्व टोकाला नेले : मानवी पात्राने आधी आपली भूमिका निवडायची आणि त्या भूमिकेला सर्वांत आवश्यक असलेल्या क्षमतेसाठी तब्बल नऊ फासे टाकून उत्तम तीन ठेवायचे. नऊ फाशांतून तीन निवडताना दैवाचे काम जवळजवळ उरत नाही. उरतो तो विधी. निकाल हवा तो, पण तो आपण घेतला असे न वाटता मिळाला असे वाटावे, या गरजेची ही कबुली आहे. कथनशास्त्र या गरजेकडे सहसा पाहत नाही. स्वतः रचलेल्या पात्रावर स्वतःला विश्वास ठेवता येण्यासाठी लेखकालाही ते कुठून तरी आले असे वाटावे लागते, हे अनेक कादंबरीकारांच्या आत्मनिवेदनांतून परिचयाचे आहे.

याच सुमारास एका वेगळ्या खेळाने प्रश्नच बदलला. मार्क मिलरचा ‘ट्रॅव्हलर’ हा विज्ञानकल्पनेवर आधारलेला खेळ १९७७ मध्ये आला. त्यातही सहा अंक, पण दोन फाशांचे. आणि त्यांत बळ, चपळाई, सहनशक्ती व बुद्धी यांच्या जोडीला शिक्षण आणि सामाजिक दर्जा हे दोन. माणसाची घडण शरीरात संपत नाही, ती समाजातही असते, हे या दोन अंकांनी मान्य केले. पण खरा फरक त्यानंतर सुरू होतो. अंक ठरल्यावर अठरा वर्षांचे पात्र नौदल, पायदळ, टेहळणी पथक, व्यापारी ताफा अशा एखाद्या सेवेत दाखल होण्याचा यत्न करते. सेवेचा काळ चार-चार वर्षांच्या मुदतींत मोजला जातो. प्रत्येक मुदतीत फासे सांगतात की ते जगले का, बढती मिळाली का, कोणते कौशल्य आले. चौतिसाव्या वर्षापासून वय शरीराचे अंक कमी करू लागते. खेळाडूला हवे तेवढे अनुभवी पात्र मिळते, पण म्हातारपणाच्या मोबदल्यात. आणि जगण्याचा फासा चुकला तर पात्र मरते, खेळ सुरू होण्याआधीच. टेहळणी पथकात दोन फाशांवर ७ किंवा अधिक यावे लागते. सहनशक्तीची सवलत नसेल तर एका मुदतीत तगण्याचा संभव सुमारे ५८ टक्के आणि लागोपाठ तीन मुदतींत तगण्याचा अवघा २० टक्के.

या नियमाची थट्टा पुष्कळ झाली आहे. ती अनाठायी आहे. ‘ट्रॅव्हलर’मध्ये क्षमतांक हा आरंभबिंदू न राहता चरित्राचा गाळ होतो : पात्र चाळीस वर्षांचे असून त्याचे बळ ५ आहे, तर ते ५ का आहे याला एक कथा असते, आणि ती कोणी एकाने रचलेली नसते. दर मुदतीला ‘आणखी चार वर्षे राहावे का’ हा प्रश्न खेळाडूपुढे येतो, आणि तो खरा प्रश्न असतो, कारण मरणाची शक्यता खरी असते. १९८१ च्या सुधारित आवृत्तीने मृत्यूऐवजी जखमी होऊन सेवा सोडण्याचा पर्याय दिला. २००८ च्या मंगूज प्रकाशनाच्या आवृत्तीत सेवेतील अपघात हाच मुख्य नियम झाला. पात्रे वाचली, पण मुदत वाढवून घेण्याच्या निर्णयातला धोका बोथट झाला.

दैवाला पूर्ण रजा देणारी परंपराही १९७७ मध्येच सुरू झालेली दिसते. स्टीव्ह जॅक्सनच्या ‘मेली’ या छोट्या द्वंद्वखेळात बळ आणि चपळाई प्रत्येकी किमान ८, आणि वरचे आठ गुण खेळाडूने हवे तसे वाटायचे. १९८१ चा ‘चॅम्पियन्स’ आणि १९८६ चा ‘गर्प्स’ यांनी हीच कल्पना संपूर्ण पात्राला लावली : ठराविक पुंजी घ्या आणि तिच्यातून क्षमता, कौशल्ये, सारे काही विकत घ्या. ‘गुण’ या मराठी शब्दात परीक्षेतले गुण आणि माणसाच्या अंगचे गुण दोन्ही येतात. या पद्धतीत ते खरोखर एक होतात. आंधळेपणा, भित्रेपणा, कर्ज किंवा शत्रू पत्करला तर पुंजी वाढते, म्हणजे अवगुण घेतल्याने गुण मिळतात. नैतिक वर्णनाचे हिशेबात रूपांतर याहून उघडपणे क्वचितच झाले असेल.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या वाटेला सावकाश आला. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत चार फाशांची पद्धत प्रमाण राहिली आणि गुणखरेदी पर्याय म्हणून दिली गेली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने ठरीव अंकमालिका आणि गुणखरेदी यांना पुढे आणून फासे मागे टाकले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत २७ गुणांची पुंजी आहे. सर्व क्षमता ८ पासून सुरू होतात. १३ पर्यंत प्रत्येक पायरीला एक गुण पडतो, १४ आणि १५ साठी दोन-दोन. त्याच पुस्तकातील १५, १४, १३, १२, १०, ८ ही ठरीव मालिका या हिशेबाने बरोबर २७ गुणांची भरते. म्हणजे ज्याला हिशेब नको त्यालाही तीच पुंजी, वाटून ठेवलेली.

रॉजे कायवाने १९५८ मध्ये खेळांचे जे वर्गीकरण केले त्यात आगोन, म्हणजे स्पर्धा, आणि आलेआ, म्हणजे दैव, हे दोन वर्ग परस्परविरुद्ध ठेवले होते. स्पर्धेत सर्वांना समान संधी कृत्रिमपणे निर्माण करून द्यावी लागते असे त्याचे म्हणणे. गुणखरेदी ही अशीच कृत्रिम समानता आहे. अडचण एवढीच, की भूमिकाखेळात खेळाडू सहसा एकमेकांशी स्पर्धा करीत नाहीत. ते एका बाजूचे असतात. मग समानता कशासाठी? तिचे उत्तर स्पर्धेत नाही, कथनात आहे. ॲलेक्स वोलॉकने २००३ मधील आपल्या ग्रंथात कादंबरीत अनेक पात्रे कथनातल्या मर्यादित जागेसाठी एकमेकांशी झगडतात असे दाखविले. कादंबरीत दुय्यम पात्राची तक्रार करायला कोणी नसते. येथे प्रत्येक पात्रामागे एक हाडामांसाचा माणूस बसलेला असतो, आणि शेजारच्या पात्राला दोनदा १८ मिळाले तर कथा कोणाकडे वळणार हे त्याला पहिल्याच संध्याकाळी कळते. दैवाधीन पद्धतीत नायक आणि विदूषक फाशांनी ठरतात. गुणखरेदी सर्वांना नायकत्वाचा सारखा वाटा देऊ पाहते.

याची किंमत मात्र मोजावी लागते. मांत्रिकाला बळ फारसे उपयोगी नाही, म्हणून प्रत्येक हिशेबी खेळाडू ते ८ वर सोडून देतो. त्याला बुद्धी हवी, म्हणून ती १५ वर नेतो. परिणामी स्वतंत्रपणे रचलेले दहा मांत्रिक एकमेकांचे जुळे भाऊ शोभतात. तीन फाशांच्या पद्धतीत बलदंड आणि अविचारी मांत्रिक निघू शकत असे. निवडीच्या पद्धतीत तो हौसेनेच घडवावा लागतो. स्वातंत्र्याने व्यक्ती निपजतील ही अपेक्षा होती, निपजले ते नमुने.

एरिक वुजिकच्या १९९१ च्या ‘अँबर’ या खेळाने या कोंडीतून काढलेली वाट स्वतंत्रपणे पाहण्याजोगी आहे. रॉजर झेलाझ्नीच्या कादंबरीमालेवर तो आधारलेला आहे. तीत एका राजघराण्यातील भावंडांचे वैर हा कथाविषय. खेळात फासे नाहीत. मनोबल, शारीरिक बळ, सहनशक्ती आणि युद्धकौशल्य या चार क्षमतांचा खेळाडूंमध्ये लिलाव होतो. प्रत्येकाजवळ शंभर गुण. बोलीत घातलेले गुण खर्ची पडतात. लिलावाअखेर प्रत्येक क्षमतेत कोण पहिला, कोण दुसरा हे ठरते, आणि पुढे द्वंद्व जुंपले की सर्वसाधारणपणे वरच्या क्रमाचा जिंकतो. येथे अंकाला स्वतःचा असा अर्थ नाही. त्याला अर्थ आहे तो इतरांच्या अंकांच्या तुलनेत. आणि त्याहून महत्त्वाचे, लिलाव आटोपतो तेव्हा भावंडांतील असूया अभिनयाने दाखविण्याची गरज उरलेली नसते. चढत्या बोलीने ती टेबलावर येऊन बसलेली असते. निर्धारणाची पद्धत आणि कथेचा आशय इतके एकजीव झाल्याची दुसरी उदाहरणे फार नाहीत.

आतापर्यंतची चर्चा फासे आणि पुंजी यांची झाली. परंतु ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये एक तिसरा घटकही आरंभीच्या काळापासून काम करीत होता : जन्म. १९७८ च्या नियमांत एल्फ वंशाच्या पात्राला चपळाईत एक अधिक आणि काटकपणात एक उणे. अर्ध-ऑर्कला बळात व काटकपणात एकेक अधिक आणि करिश्म्यात दोन उणे. तिसऱ्या आवृत्तीत अर्ध-ऑर्कच्या बुद्धीतूनही दोन वजा झाले. लिंगाचेही तसेच. १८ बळ असलेल्या लढवय्याने शतमानाचे फासे टाकून आपले असामान्य बळ मोजायचे. पुरुषाला त्यात शंभरापर्यंत जाता येई, मानवी स्त्रीला पन्नासाच्या पुढे नाही. ही स्त्रीविषयक मर्यादा १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत गेली. वंशाचे अधिक-उणे मात्र टिकले, आणि त्यांचा बचाव बहुधा असा होई की हे कल्पित प्राणी आहेत. बचाव अपुरा आहे. प्राणी कल्पित असले तरी ‘या कुळात जन्मला म्हणून बुद्धी कमी’ हे वाक्य कल्पित नाही. ते जगात फार ठिकाणी, फार काळ बोलले गेले आहे, आणि भारतीय वाचकाला ते भाषांतर करून सांगावे लागत नाही.

२०२० च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुरवणीने वंशामुळे मिळणारी वाढ हव्या त्या क्षमतेला देण्याची मुभा दिली. २०२४ च्या सुधारित नियमपुस्तकात ‘वंश’ हा शब्दच बदलून ‘प्रजाती’ आला आणि अंकांची वाढ प्रजातीकडून पूर्वायुष्याकडे गेली : शेतकऱ्याला बळ, काटकपणा व शहाणपण यांतून, अभ्यासकाला काटकपणा, बुद्धी व शहाणपण यांतून. माणूस जन्माने नव्हे तर कामाने घडतो, असा हा पालट. ‘ट्रॅव्हलर’ने सेवेच्या मुदतींतून जे सविस्तर सांगितले होते तेच येथे एका ओळीत आले. तरीही पूर्वायुष्यांच्या त्या यादीत एक नोंद ‘उमराव’ अशी आहे आणि तिला बळ, बुद्धी व करिश्मा यांची वाढ मिळते. उमराव होण्यासाठी काय काम करावे लागते, हे नियम सांगत नाहीत.

या पुस्तकात पात्रनिर्मितीच्या पायऱ्यांचा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. आधी भूमिका, मग पूर्वायुष्य व प्रजाती, आणि अंक तिसऱ्या पायरीवर. १९७४ मध्ये अंक आधी होते आणि माणूस त्यांतून वाचून काढावा लागे. आता माणूस आधी ठरतो आणि अंक त्याच्या मापाने शिवले जातात.

जुना क्रम पूर्णपणे लोपलेला मात्र नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात १९७० च्या दशकातील नियमांकडे परतण्याची एक चळवळ उभी राहिली आणि तिच्यातून तीन फासे क्रमाने टाकण्याची पद्धत पुन्हा वापरात आली. २०१२ च्या ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’मध्ये तिचे सर्वांत निर्घृण आणि सर्वांत विचारपूर्वक रूप आढळते. प्रत्येक खेळाडूला एक नव्हे तर अनेक पात्रे मिळतात, सगळी फाशांनी आलेली, सगळी सामान्य : कोणी शेतकरी, कोणी पाथरवट, हातात कामाचेच हत्यार. त्या सर्वांना एका भयंकर जागी पाठविले जाते. बहुतेक मरतात. जो बाहेर येतो तो खेळाडूचे पात्र होतो, मग त्याचे बळ १६ असो की ६. गायगॅक्सच्या चौथ्या पद्धतीतही बारांतून एकच उरत असे, पण तेथे निवड कागदावर अंक पाहून होई. येथे उरलेल्याची नावे ठेवलेली असतात, ती हाकारली गेलेली असतात, आणि ती माणसे कशी गेली हे वाचलेल्याला सांगता येते.